चकल्यांखालचा कागद

चकल्या तळल्या की मी त्या किचन रोलवरच काढते. जुना कागद हाताशी असला तरी घेत नाही.

वीस वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये स्लाऊला आमच्या शेजारी आर्थर राहायचे, ऐंशीला टेकलेले. माझ्या मुलीचा शाळेत महायुद्धावर प्रोजेक्ट होता, म्हणून त्यांनी तिला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा बघायला दिला. आत खेळाडूंची नावं छापलेला एकच पिवळा पडलेला कागद होता. युद्धामुळे नेहमीच्या स्पर्धा बंद पडल्या आणि नवा फुटबॉल कप सुरू झाला, त्याच्या पहिल्या सीझनमधल्या एका मॅचचा. थोरल्या भावाबरोबर पाहिलेली त्यांची ती शेवटची मॅच. भाऊ लढाईवरून परतला नाही. ते मुलीला हे सांगत होते तेव्हा मी भांडी आवरत अर्धवट ऐकत होते.

दिवाळीत डबा परत करायचा होता. रिकामा कसा द्यायचा, म्हणून तळाच्या त्या कागदावरच मी गरम चकल्या रचल्या.

आर्थरनी दारातच झाकण काढलं. ओव्याचा, तिळाचा वास दरवळला. त्यांनी एक चकली उचलली आणि हात तसाच राहिला. खेळाडूंच्या नावांवर तेलाचे डाग पसरले होते.

"फार छान झाल्यात," ते म्हणाले आणि ती चकली त्यांनी सावकाश, पूर्ण खाल्ली.

मला सगळं कळलं होतं. तरी मी हसून म्हणाले, "आमच्यात डबा रिकामा देत नाहीत."

पुढच्या आठवड्यात ते डबा घेऊन आले. आत त्यांच्या झाडाची सफरचंदं होती.

"रिकामा देत नाहीत ना?" त्यांनी विचारलं.

तेव्हाही मी सॉरी म्हणाले नाही. सफरचंदं काढली, तर डब्याचा तळ स्वच्छ पुसलेला होता.