वासुदेवभाऊंची डिझेलची मोटार

बातमी आणणाऱ्या माणसाचे धोतर अंगावरच वाळले होते आणि त्याला वाळू चिकटलेली होती. मूल गावच्या लाकूड डेपोत मी सागाच्या ओंडक्यांचे माप घेत होतो. तो फाटकाशी येऊन उभा राहिला. वैनगंगेच्या घाटावरचा नावाडी होता, तोंडओळखीचा. "बाबूजी, मोटार गेली," तो म्हणाला. मी विचारले, कुठे गेली? "पाण्यात." मग खाली बघत तो म्हणाला, "भाऊ आतच होते."

वासुदेवभाऊ म्हणजे माझ्या पत्नीचे थोरले बंधू. राहणार चामोर्शीचे. त्यांना जाऊन आता महिना होत आला. चामोर्शी, गडचिरोली, मग नदी आणि पलीकडे मूलचे स्टेशन, एवढ्या वाटेवर ते उतारूंची मोटार चालवत. लढाईच्या आधीची, लांब बोनेटची जुनी गाडी होती. तिच्या मागच्या भागाला त्यांनी बाके ठोकून घेतली होती आणि टपावर कोंबड्या, तांदळाची पोती, कधी सुक्या मासळीच्या टोपल्या असत. मोठ्याने बोलणारे, मोठ्याने हसणारे गृहस्थ. उतारूंशी भांडत आणि त्यांनाच तंबाखू देत. हे सारे त्यांची पत्नी, आमच्या वहिनी, गेल्या तोवरचे.

वहिनी बाळंतपणात अडल्या तो भाद्रपद होता. पेट्रोल तेव्हा चांद्याहून पिंपांतून यायचे, आणि पावसाने वाट खचली की येत नसे. भाऊंनी टाकीत रबरी नळी घालून पाहिली. बाटलीभरदेखील निघाले नाही. शेवटी बैलबंडीत गवत अंथरून वहिनींना घेऊन निघाले. नदीपर्यंतही पोचले नाहीत. तेराव्याला मी त्यांच्याकडे गेलो, तर ते अंगणात त्या उभ्या गाडीकडे पाठ करून बसले होते. "मोटारवाल्याची बायको बंडीत मेली, जवाईबापू," एवढेच म्हणाले.

डिझेलचे त्यांच्या मनाने घेतले ते तेव्हापासून. जंगलाच्या ठेकेदारांचे ट्रक डिझेलवर चालत, भातगिरणी डिझेलवर चालत असे. त्यामुळे ते तेल चामोर्शीत बाराही महिने असे. एका ठेकेदाराचा ट्रक नाल्यात उलटून मोडला होता, पण त्याचे इंजिन शाबूत होते. ते भाऊंनी मिळवले आणि गाडीसह मूलला आणले, कारण आमच्या डेपोत ओंडके उचलायची कप्पी होती. जुने इंजिन काढले, तेव्हा दोन्ही मी काट्यावर घातली. आधीचे सात मण भरले होते, नवे बारा मणांवर गेले. मी म्हटले, पाच मण म्हणजे तीन धडधाकट माणसे बोनेटवर कायमची बसवल्यासारखे आहे. भाऊ म्हणाले, "बसू द्या. उतरून पळून त नाई जाणार?"

ते इंजिन त्या गाडीसाठी घडलेलेच नव्हते. उंचीला ते बसेना म्हणून बोनेटला चौकोनी भोक पाडले आणि वर पत्र्याचा डबा ठोकला. रेडिएटर पुढे सरकवला. इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांची भोके जुळेनात, म्हणून मध्ये जाड लोखंडी तबकडी घालावी लागली. ती चांद्याच्या लोहाराने दोनदा चुकवली, तिसरी बसली. पुढच्या कमानींत, म्हणजे स्प्रिंगांत, जादा पाती घातली. ब्रेक मात्र जुनेच राहिले. भाऊ दिवसचे दिवस गाडीखाली पालथे असत आणि जेवायला हाक मारली की खालूनच बहिणीला ओरडून सांगत, "सरू, तू वाढून ठेव, मांजर खाईल त खाऊ दे." त्या दिवसांत ते पुन्हा थोडे पहिल्यासारखे बोलू लागले होते. माझी पत्नी मला म्हणे, दादाला गाडीखालीच राहू द्या.

गाडी सुरू झाली आणि सगळी थरथरू लागली. पहिल्याच फेरीत पुढचा आरसा गळून पडला. उतारूंनी तिचे नाव चक्की ठेवले. गडचिरोलीच्या बाजारात लोक विचारत, "काऊन भाऊ, शेरभर ज्वारी दळून देता का?" भाऊ म्हणत, "तू अंदर बस, तुलेच दळतो." पण ती थांबली नाही. पेट्रोलच्या गाड्या उभ्या असत तेव्हाही चक्की जाई. तापाचे, साप चावलेले किती लोक आणि अडलेल्या किती बाया तिने चांद्याच्या दवाखान्यात नेल्या ते मी मोजलेले नाही. एरवी मी सगळे मोजतो.

तिची एकच खोड होती. थंडीत बंद पडली की लवकर चालू होत नसे. हँडल मारून हात भरून येत. उतारावर ढकलली तर चालू होई, म्हणून भाऊ ती नेहमी चढावर उभी करत. नदीवर मात्र उतार कुठला? पावसाळा संपल्यापासून पात्र उतरेपर्यंत मोटारी तराफ्यावरून पलीकडे नेतात. दोन नावा जोडून वर फळ्या टाकलेल्या असतात. तिथला नियम जुना आहे. माणसे खाली उतरायची, इंजिन बंद करायचे, गाडी गिअरमध्ये घालायची आणि चाकांना लाकडी ठोकळे लावायचे. मग पलीकडच्या वाळूतून बैल लावून चक्कीला वर काढत आणि रस्त्याला लागली की ढकलत. त्यात बराच वेळ जाई. घाटाचा म्होरक्या डोमाजी ढिवर म्हातारा आहे. इंजिन बंद झाल्याशिवाय त्याने कधी दोर सोडला नव्हता. साहेबांच्या जीपलाही त्याने सूट दिलेली नाही.

त्या सकाळी डोमाजीची स्वतःची सून अडली होती. भाऊ घाटावर पोचले तेव्हा तिला खाटेवर घालून आणलेच होते. गाडीतले उतारू आपण होऊन उतरले आणि काठावर थांबले. पुढचे मला डोमाजीनेच सांगितले.

"मी म्हणलं, भाऊ, इंजन बंद करा. ते म्हणले, बंद केलं त पलीकडं चालू कोण करंल, तुया बाप? मी हासलो, बाबूजी. मले तवा बरंच वाटलं... सून कण्हून राह्यली होती. मी म्हणलं, राहू द्या चालू."

गाडीत मात्र त्याने तिला बसू दिले नाही. खाट मागच्या बाजूला फळ्यांवरच ठेवली. इंजिन चालू, म्हणून गाडी गिअरमध्ये घालता येईना. भाऊ ब्रेकवर पाय दाबून आत बसले. मध्यावर आल्यावर नावा जरा हलल्या. इतका वेळ चाललेल्या थरथरीने पुढचे ठोकळे हळूहळू सरकत गेले होते. ते कुणाच्या लक्षात आले नाही, कारण सगळ्यांचे डोळे खाटेकडे होते. नाकाकडून जड झालेली गाडी जुन्या ब्रेकांना आवरली नाही आणि पुढे आडवा बांधलेला दोर तोडून खाली गेली. ती तरंगली नाही, उलटली नाही, सरळ तोंडावर गेली. बारा मण पुढे होते. नावाड्यांनी लगेच बुड्या मारल्या, पण दार चिखलात रुतले होते.

सुनेला नावाड्यांनी पलीकडे उतरवले आणि खाट खांद्यावर घेऊन सडकेपर्यंत धावत नेली. लाकडाचा एक ट्रक भेटला. ती वाचली. बाळ गेले.

हल्यांच्या, म्हणजे रेड्यांच्या, चार जोड्या लावून मोटार ओढून काढली. भाऊंना दुसरे कुणी नव्हते, म्हणून ती ओढत आमच्या अंगणात आणली. गिरणीवाल्याने माणूस पाठवून इंजिन पाहिले आणि गाळ धुतला तर चालेल असा निरोप दिला. पत्नी म्हणाली, कुणी हात लावायचा नाही.

गेल्या आठवड्यात डोमाजी सुनेला घेऊन आला. पोरगी विशीचीही नसेल. ओसरीवर बसेना. मोटारीपासून लांब, भिंतीला टेकून उभी राहिली. पत्नीने तिला पाणी दिले आणि विचारले, "तू जवळच होतीस. दादा काही बोलले का गं?"

ती म्हणाली, "मी रडून राह्यली होती न, बाई. त गाडीतून त्यांनी मान काढून मागं पाह्यलं. म्हणले, भिऊ नको माय, गाडी चालूच हाये."

पत्नी आत गेली. ती पोरगी मात्र हळूहळू चालत मोटारीपाशी गेली आणि मागचे दार उघडू लागली. ते गाळाने घट्ट बसले होते. तिने दोन्ही हातांनी ओढून उघडले. आत दोन्ही बाकांच्या मध्ये भाऊंनी आजाऱ्याला आडवे निजवण्यापुरती फळी बसवली होती. तिच्यावर नदीचा चिखल वाळून भेगाळला होता. ती पदराच्या टोकाने तो पुसू लागली, आणि पत्नी बाहेर येईपर्यंत पुसतच होती.