एकोणिसाव्या संख्येचा ताळा

आमच्या घरात गणित बाबा करायचे आणि ताळा आई करायची. बाबा शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. आईचा त्यांच्या हुशारीवर विश्वास होता, बेरजेवर नव्हता. ती गेली आणि बाबांचं बोलणंच थांबलं. बेव्हर्ली पार्कच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी भाजी वाढायचे, ते ‘बास’ म्हणायचे. झाला संवाद.

मग डिसेंबरात त्यांनी शोध लावला. फिबोनाची श्रेणीत आधीच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या: एक, एक, दोन, तीन, पाच, आठ, तेरा. बाबांचं म्हणणं, क्रमांक मूळ असेल तर त्या जागेवरची संख्याही मूळच. तिचे अवयव पडायचे नाहीत. पाचवी पाच, सातवी तेरा, अकरावी एकोणनव्वद. दुसऱ्या जागेवर एक येतो आणि एक काही मूळ नव्हे, पण तो बाबांच्या मते ‘अजून लहान’ होता. सतराव्या जागेपर्यंत सगळं जमलं. बाबा दूधवाल्याशीसुद्धा बोलू लागले. सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या झेंडावंदनानंतर नियम जाहीर करायचं ठरलं.

आदल्या संध्याकाळी भेंडी गॅसवर टाकून मी सहज एकोणिसावी काढली. ४१८१. सदतिसाने भागून पाहिली, बाकी शून्य. सदतीस गुणिले एकशे तेरा. मला रडूच आलं. सांगितलं तर हा माणूस परत ‘बास’वर येणार. नाही सांगितलं तर बी विंगमधली एखादी इंजिनिअर सगळ्यांसमोर सांगणार. तोवर भेंडी करपली होती.

शेवटी चहा दिला आणि सांगितलं. त्यांनी स्वतः भागाकार केला आणि खोलीत गेले. जेवायलाही आले नाहीत.

सकाळी झेंडा फडकला. सेक्रेटरी म्हणाले, “अंकल, थोडा शॉर्ट में. जलेबी ठंडी हो रही है.”

एरवी बाबांचं नमनालाच घडाभर तेल जायचं. त्यांनी माइक घेतला. “मैंने एक नियम ढूँढा था. कल शाम को गलत निकला. बस, इतना ही.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबांचं इतकं आटोपशीर भाषण सोसायटीने कधी ऐकलं नव्हतं.

मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते. ते फाफडा-जिलेबीची प्लेट घेऊन माझ्याच शेजारी येऊन बसले.

“तेविसावी काढली रात्री,” ते म्हणाले. “२८६५७. मूळ दिसतेय.”

“मग?”

“मग काय? ताळा कर.”