मधे मधे थांबणारा नाच

आधी हे सांगून टाकतो की त्या नाचात बाईंचा काहीही दोष नव्हता. दोष माझा होता. हे मी जेव्हा सांगायला हवं होतं, तेव्हा नेमकं उलटं सांगितलं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका एसटीडी बूथवाल्याने तीन कॉम्प्युटर आणून प्लायवूडचे कप्पे केले होते आणि बाहेर 'इंटरनेट' अशी पाटी लावली होती. चपला बाहेर काढून आत जायचं. देवळानंतर चपला काढून जायची आमच्या भागातली ती दुसरी जागा. तिन्ही कॉम्प्युटर एकाच फोनच्या लाइनवर चालत, म्हणजे चालत असं म्हणायचं.

माझी मुलगी सहावीत होती. शाळेचं गॅदरिंग बघणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, "सिनेमाची गाणी यंदा पुरे. काहीतरी नवं आणाल त्यांनाच स्टेजवर घेईन." मुलीने आणि तिच्या चार मैत्रिणींनी नवं आणायची जबाबदारी माझ्यावर टाकली, कारण मला नाट्यकलेतलं कळतं असा घरात समज होता. तो मीच पसरवलेला. धुळ्याला देवपुरात कॉलेजला असताना एका एकांकिकेत मी हवालदार झालो होतो. "साहेब, आणलाय त्याला" एवढं एकच वाक्य होतं. त्या वाक्यावर मी पंधरा वर्षं काढली.

तर एका रविवारी पाच मुलींना घेऊन मी त्या कप्प्यात शिरलो. दोन खुर्च्यांत सहा माणसं. बूथवाल्याने देशोदेशींच्या नाचगाण्यांची एक साइट लावून दिली. पहिला फोटो वरून खाली हळूहळू उतरू लागला. आधी मुकुट आला, मग कपाळ. नाकापर्यंत यायला इतका वेळ लागला की मुलींनी पैज लावली, बाई आहे की बुवा. बुवा निघाला. मग इंडोनेशियाकडच्या कुठल्याशा नाचाची चित्रफीत सापडली. पोस्टाच्या तिकिटाएवढी चौकट, आवाज नाही. पाच बायका अगदी संथ हात हलवत होत्या. तीन पावलं टाकली आणि थांबल्या. एक पाय उचललेला, बोटं पसरलेली, डोळे रोखलेले. बराच वेळ तशाच. मग एकदम पुढे.

"पप्पा, त्या थांबल्या का?" मुलीने विचारलं.

मला माहीत नव्हतं. "माहीत नाही" हे दोन शब्द तिथे पुरले असते. पण चार मैत्रिणी माझ्याकडे बघत होत्या.

"तीच तर कला आहे," मी म्हणालो. "हलणं कोणालाही येतं."

मुलीने वही काढली आणि लिहू लागली. तीन पावलं, हात वर, थांबा, चौदा आकडे. दोन पावलं, मान उजवीकडे, थांबा, नऊ आकडे.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. ती वही उघडून बसली आणि थोड्याच वेळात गोंधळली. "पप्पा, मागच्या वेळी इथे नव्हत्या थांबल्या. आज इथे थांबल्या, आणि तिथे नाही थांबल्या."

"मोठे कलाकार दरवेळी वेगळं करतात," मी सांगितलं. "त्याला उत्स्फूर्तता म्हणतात."

तिने तो शब्दही लिहून घेतला.

बाईंनी तालीम एकदा पाहिली. जरा घुटमळत विचारलं, "हे मधलं थांबणं जरा जास्त होत नाही ना?" मी म्हणालो, "तिकडची शैली आहे." बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणता म्हणजे असेल. तुम्हाला त्यातलं कळतं."

गॅदरिंग शनिवारी होतं. मंगळवारी मी ऑफिसातून परतताना बूथवर डोकावलो आणि सहज विचारावं तसं बूथवाल्याला विचारलं, या नाचणाऱ्या थांबतात किती वेळ, याचा काही नियम असतो का.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "काका, त्या नाही थांबत. आपली लाइन थांबते."

"नक्की?"

"इथे बातम्या लावल्या तरी माणूस तोंड उघडं टाकून राहतो, काका. तो काय नाचतोय?"

मी घरी आलो. पुढच्या खोलीत पाचही मुली एका पायावर उभ्या होत्या. त्यातली जी सारखी पडायची, ती त्या दिवशी पहिल्यांदा चौदापर्यंत टिकली. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. बायको म्हणाली, "बघा, जमलं हो पोरीला!" मी म्हणालो, "वा." एवढंच म्हणालो आणि हातपाय धुवायला गेलो. लोकांना कळणारच नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

शनिवारी मी पालक प्रतिनिधी म्हणून दुसऱ्या रांगेत होतो. शेजारी धुळ्याहून आलेले माझे चुलते, नाना. पुढच्याच खुर्चीवर मुख्याध्यापक. बासरीची कॅसेट सुरू झाली, मुलींनी तीन पावलं टाकली, पाय उचलला आणि थांबल्या. बासरी चालूच.

सगळीकडे शांतता. नानांना शांतता सोसत नाही. "काय व्हयनं रे?" ते अहिराणीत, गावात हाक मारावी तशा आवाजात म्हणाले. "लाइट तं शे! बठ्ठ्या पोरी एकदमच इसरी ग्यात का?"

लाइट आहे आणि सगळ्या पोरी एकदमच विसरल्या, हे ऐकून मागे हशा पिकला. स्पीकरवाल्याला वाटलं आपलीच चूक झाली, त्याने कॅसेट बंद केली. नेमके तेव्हाच चौदा आकडे संपले आणि पाचही जणी एका तालात पुढे सरकल्या, गाण्याशिवाय. त्याने घाईघाईने कॅसेट लावली, तर या पुन्हा थांबल्या. त्याने बंद केली, या हलल्या. मुलींचे ओठ हलताना दिसत होते. बिचाऱ्या आकडे मोजत होत्या. शेवटच्या रांगांतून शिट्ट्या सुरू झाल्या. कोणीतरी ओरडलं, "धक्का मारा रे!" शिपाई स्टेजवर चढून एकीला विचारू लागला, बेटा, चक्कर येते का? तिने मान हलवली नाही. हलवायची नव्हतीच, नऊ आकडे व्हायचे होते.

मुख्याध्यापक मागे वळले. "हे काय चाललंय? कोणी बसवलं हे?"

मी म्हणालो, "बाईंनी."

असं कसं तोंडातून गेलं, याचा मी अनेकदा विचार केला. निसटलं असं म्हणता येणार नाही. ते व्यवस्थित, ऐकू येईल असं म्हटलं होतं.

पडदा पडल्यावर मुलगी घामेजून बाहेर आली. "आम्ही बरोबर केलं ना, पप्पा?"

"एकदम बरोबर." हे मात्र खरं होतं.

"मग लोक का हसले?"

"लोकांना कळत नाही," मी म्हणालो. मोजायचं झालं तर हे माझं पाचवं खोटं.

सोमवारी ती शाळेतून गप्प आली. पुढच्या वर्षीपासून गॅदरिंग कवायतीचे सर बघणार, असं मुख्याध्यापकांनी शिक्षकांसमोर जाहीर केलं होतं. "बाई आम्हाला म्हणाल्या, तुमची चूक नाही गं, मीच नीट बघायला हवं होतं," मुलगी म्हणाली आणि दप्तराशी उगाच चाळा करत बसली.

मग मी सांगितलं. लाइनचं सांगितलं, बूथवाल्याचं सांगितलं, मुख्याध्यापकांना काय म्हणालो तेही.

"तुम्हाला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"मंगळवारी?" तिचा आवाज चिरकला. "मंगळवारी तर ती पहिल्यांदा चौदापर्यंत उभी राहिली. तुम्ही वा म्हणालात!"

तिने चपला घातल्या आणि दारात उभी राहिली. मी निमूट मागे निघालो. रस्ताभर ती चार पावलं पुढे चालत होती.

बाई त्यांच्या घराच्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी उभ्यानेच सगळं बोललो. बोलताना एकांकिकेतल्या हवालदारासारखा ताठ उभा राहिलो होतो, हे नंतर लक्षात आलं. बाईंनी हातातली जुडी खाली ठेवली.

"म्हणजे त्या मधे थांबतच नाहीत?"

"नाही."

"हुश्श," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, मलाच काही कळत नाही. मी तर मुख्याध्यापकांना सांगून आले, ही तिकडची शैली आहे म्हणून!"

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, कागदावर लिहून द्या म्हणाले, मी दिलं. त्यांनी तो फाइलला लावला आणि गॅदरिंग कवायतीच्या सरांकडेच ठेवलं, कारण जाहीर झालेलं बदलता येत नाही. ते अजून मला लागतं. बाईंना म्हणालो, मी काय करू सांगा. त्या म्हणाल्या, "मला तो नाच दाखवा."

बुधवारी शाळा सुटल्यावर बाई आणि पाच मुली चपला काढून कप्प्यात शिरल्या. मला जागा उरली नाही. मी बाहेर स्टुलावर बसलो. आतून बाईंचा आवाज येत होता.

"थांबलं, थांबलं! पटकन बघा गं, टाच कुठे आहे? टेकलेली नाही, बघितलं? आणि कोपर? अगं, कोपर खाली नाही, बाहेर!"

मग चित्र पुढे सरकलं असावं. मग पुन्हा, "थांबलं! आता मान बघा."

बूथवाला ओशाळून गेला. दाराशी जाऊन म्हणाला, "बाई, सातनंतर लाइन बरी चालते. तेव्हा आलात तर सलग दिसेल."

"नको," बाई म्हणाल्या. "मला हीच वेळ बरी आहे."

मीही उठून आत डोकावलो. पाच वेण्या आणि बाईंचा अंबाडा, त्यांच्या पलीकडे कुठेतरी ती तिकिटाएवढी चौकट. मी टाचा उंचावल्या.

"पप्पा, जागा नाहीये," मुलगी मागे न बघता म्हणाली.

सोमवारपासून ती माझ्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य. मी पुन्हा स्टुलावर जाऊन बसलो.