दोन महिन्यांची प्रॉक्सी

आमच्या दौंडच्या हौशी नाटक ग्रुपमध्ये मी प्रॉम्प्टर आहे. विंगेत उभं राहायचं, संहिता हातात धरायची आणि कुणी अडकला की हळूच वाक्य पुरवायचं. कॉलेजात असताना एकदा स्टेजवर गेलो होतो, पहिल्याच प्रवेशात दातखीळ बसली. तेव्हापासून विंग बरी वाटते.

पण आमच्याकडे प्रॉम्प्टरला आणखी एक काम असतं. निम्मे कलाकार कुरकुंभच्या कारखान्यांत शिफ्ट करतात, त्यामुळे सगळे एका वेळी तालमीला हजर असं कधी होतच नाही. जो आला नसेल त्याच्या जागी मी उभा राहतो, त्याची वाक्यं म्हणतो, उठायचं-बसायचंही त्याच्याच जागेवरून करतो. याला प्रॉक्सी देणं म्हणतात. आजवर मी फौजदाराची, सासूची, सरपंचाची प्रॉक्सी दिली आहे आणि सासू सगळ्यांत चांगली झाली होती असं आबा म्हणतात. आबा म्हणजे आमचे दिग्दर्शक, रेल्वेतून निवृत्त झालेले.

मागच्या नाटकात मी नायकाची प्रॉक्सी दिली. नायक खुटबावचा, केमिकल प्लान्टमध्ये ऑपरेटर. उंच गडी, आवाज असा की शेवटच्या रांगेसाठी वेगळं काही करायला नको. त्याचा शिफ्टमधला जोडीदार नेमका तेव्हाच मोठ्या रजेवर गेला आणि ह्याच्या ड्युट्या वाढल्या. दोन महिन्यांत तो सात-आठ तालमींना आला असेल. बाकीच्या सगळ्या मी केल्या.

नाटक साधं होतं. बारा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेला नवरा एका संध्याकाळी परत येतो. बायको त्याला पाणी देते, ताट वाढते, पण बोलत नाही. मग विचारते, "राहायला आलात, का बघायला?" यावर त्यानं गप्प राहायचं. आबा म्हणायचे, "मनात पाच आकडे मोजायचे. घाई केली की मेलं नाटक." पाच मोजून झाले की म्हणायचं, "राहायला. ठेवून घेशील तर."

बायकोचं काम करणाऱ्या बाई दौंडात ब्युटी पार्लर चालवतात. दोन महिने त्यांनी हा प्रश्न माझ्याकडे बघून विचारला. पुढे पुढे मला आकडे मोजावे लागेनात. यवतच्या शाळेत मी क्लार्क आहे, तिथं दाखले लिहिताना ते वाक्य तोंडात यायचं. नायकापेक्षा मी ते बरं म्हणतो, असंही वाटायला लागलं. हे मी कुणाजवळ बोललो नाही, घरीसुद्धा नाही.

स्पर्धेतला आमचा प्रयोग शिरूरला एका मैदानावर होता, संध्याकाळी सहाला. नायक पहिल्या शिफ्टला गेला होता, तीनला सुटून मोटरसायकलनं परस्पर येणार होता. आम्ही नेपथ्य टेम्पोत भरून न्हावऱ्यावरून दुपारीच पोहोचलो. साडेचार वाजले, पाच वाजले, त्याचा पत्ता नाही. प्लान्टमध्ये मोबाईल गेटवर जमा करावा लागतो, त्यामुळे नुसती रिंग वाजत होती. दर पाच मिनिटांनी मी मैदानाच्या फाटकापर्यंत जाऊन येत होतो.

"पुढच्या शिफ्टचा रिलिव्हर आला नसंल," आमच्यातला कुरकुंभलाच काम करणारा लाइटवाला म्हणाला. "त्यो आल्याबिगर मशीन सोडता येत न्हाई. माणूस मेला तरी न्हाई."

साडेपाचला आबांनी मला बाजूला घेतलं. "तुम्हाला सगळं पाठ हाय. मिशी लावून बसा."

नाही म्हणायला हवं होतं. कॉलेजातली ती दातखीळ आठवत होती. तरी मी मेकअपच्या खुर्चीत बसलो. मिशी चिकटवली, नायकाचा ढगळ कोट अंगात घातला. आरशात बघितलं आणि मनात आलं, रिलिव्हर आज आलाच नाही तर बरं. असला विचार आल्याची लाज वाटली, पण विचार गेला नाही. त्यानंतर मोटरसायकलचा प्रत्येक आवाज नकोसा वाटू लागला.

दुसरी घंटा झाली आणि तो आला. पायात कंपनीचे बूट, तोंडावर धूळ.

"रिलिव्हर पावणेपाचला आला, मामा. लय पळवली गाडी," तो धापा टाकत मला म्हणाला. मेकअपवाल्यानं माझ्या ओठावरची मिशी ओढून काढली आणि तीच त्याला लावली. कोटही उतरवून दिला. मी संहिता घेऊन विंगेत गेलो.

नाटक चांगलं रंगलं होतं. मग ताटाचा प्रसंग आला. बाईंनी भाकरी वाढली आणि प्रश्न विचारला, पण त्याच्याकडे बघून नाही. दोन महिन्यांच्या सवयीनं त्यांची मान विंगेकडे, माझ्याकडे वळली. तो गप्प राहिला. प्रेक्षक गप्प. आणि मी खणखणीत आवाजात म्हणालो, "राहायला. ठेवून घेशील तर."

आधी पुढच्या दोन-चार रांगा हसल्या, मग सगळेच. त्यानं वाक्य पुन्हा म्हटलं, पण ते कुणालाच ऐकू गेलं नाही. पुढचं नाटक आम्ही कसंबसं संपवलं.

नंतर सगळ्यांनी मलाच समजावलं. बाई म्हणाल्या, "मीच तुमच्याकडे बघितलं, चूक माझी." आबा म्हणाले, "पॉज लांबला. प्रॉम्प्टरला वाटणारच इसरला म्हणून." नायकानं खांद्यावर हात ठेवला. "मामा, दोन म्हैने माझ्या जागी उभं ऱ्हायला तुम्ही. सवय लागती माणसाला." मी मान हलवली. हो, सवयीनंच झालं, असं मीही म्हणालो. अजून तेच सांगतो.

पण तो विसरला नव्हता. विंगेतून मला तो पुरता दिसत होता. त्यानं पाच मोजले होते, श्वास घेतला होता, त्याचे ओठ उघडत होते. माझ्यापेक्षा तो ते वाक्य फार चांगलं म्हणणार, हे मला त्या क्षणी कळलं आणि मी त्याच्या आधी बोललो.