मास्तरांचा खांदा

हॉटेलच्या बारमध्ये त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत शिकवायला ते कधी गेले नव्हते, पण एखाद्या वेटरनं ग्लास काठाला धरून उचलला की यांचा तास सुरू व्हायचा. ग्लास दांडीला धरायचा, बर्फाला हात लावायचा नाही, आणि गिऱ्हाइकानं स्वतः विषय काढल्याशिवाय त्याच्या घटस्फोटाची चौकशी करायची नाही. एकतीस वर्षं हेच तीन धडे, विद्यार्थी मात्र दर वर्षी नवे.

मास्तरांचं नाव निघायचं ते एका पेयासाठी. शंभरेक वर्षांपूर्वी कुठे कुठे दारूबंदी होती, त्या काळात जन्मलेलं हे पेय. ब्रँडी, पांढरी रम आणि संत्र्याची लिकर तिन्ही सारख्या मापानं घ्यायची आणि वर ताज्या लिंबाचा रस, जरा कमी. नाव ‘बिट्वीन द शीट्स’. दोन चादरींच्या मधलं म्हणजे काय ते ज्याचं त्यानं समजावं. एरवी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं बोलणारी माणसंसुद्धा हे मागवताना काउंटरवर वाकून कानगोष्ट करत. मास्तर चेहरा सरळ ठेवून विचारत, “एक की दोन?”

ही तिन्ही मद्यं तशी भांडखोर. त्यांना एका घरात नांदवायचं तर बर्फाबरोबर शेकरमध्ये, म्हणजे धातूच्या झाकणबंद भांड्यात, घालून दणकून हलवावं लागतं. आधी बर्फ खडखडतो, मग आवाज बसतो, शेकरवर पांढरं दव चढतं आणि बोटं धातूला चिकटायला लागतात. तिथं थांबायचं. आधी थांबलात तर पेय घशाला चावतं, नंतर थांबलात तर पाणचट होतं. मास्तरांना घड्याळ लागत नसे. कान आणि खांदा पुरे.

त्यातला खांदा यंदा संपावर गेला. हात छातीच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, “फ्रोझन शोल्डर.” मास्तर म्हणाले, “आयुष्यभर बर्फ हलवला, शेवटी तो इथंच येऊन बसला होय!” डॉक्टर हसले आणि त्यांनी सहा महिने विश्रांती सांगितली. मास्तरांनी ती ऐकली आणि कामावर गेले. नव्या मॅनेजरला कळलं असतं तर त्यानं त्यांना चादरी-टॉवेलांच्या खोलीत बसवलं असतं. तिथं बसून इतरांना शेकर हलवताना ऐकायचं, यापेक्षा दुखणं बरं. म्हणून ते पोटाशी धरून, चोरून, कमी कमी हलवू लागले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

दर गुरुवारी सहा वाजता दाताचे एक डॉक्टर यायचे, बारा वर्षं हेच पेय मागवणारं गिऱ्हाईक. तीन गुरुवार त्यांचा ग्लास अर्धाच परत आला. ते हसून निरोप घेऊन गेले. ते हसणंच मास्तरांना लागलं. शिवी दिली असती तर झोप तरी आली असती.

शेवटी सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांनी बायकोला सांगितलं. बायको पोस्टात होती, सत्तावीस वर्षं पत्रांवर शिक्के मारून मागच्या वर्षीच निवृत्त झालेली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग डावा हात काय शोभेला ठेवलाय?”

स्वयंपाकघरात तालीम सुरू झाली. शेकरमध्ये पाणी आणि बर्फ. अवघड काही नसलं की लोक डाव्या हातचा मळ म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा डाव्या हातानं करून बघावं. पहिल्याच झटक्याला झाकण उडालं आणि बर्फ बायकोच्या केसांत गेला. चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खाली येऊन काळजीनं विचारलं, सगळं ठीक आहे ना?

“जमायचं नाही गं,” मास्तर खुर्चीत बसत म्हणाले.

“अहो, नुसता हात बदलून कसं जमेल? टेबल बदला,” बायको म्हणाली. “मी पण आधी तेच केलं. शिक्के पत्त्यांवर पडायचे. मग शाईचा पॅड इकडचा तिकडे ठेवला, गठ्ठे तिकडचे इकडे. आठवड्यात बसलं सगळं.”

“तू कधी केलंस हे?”

“उजवं मनगट गेलं तेव्हा. शेवटची चार वर्षं डाव्यानंच मारले की शिक्के.”

“मला नाही सांगितलंस?”

“सकाळी मी निघायचे तेव्हा तुम्ही झोपलेले, संध्याकाळी मी यायचे तेव्हा तुम्ही बारमध्ये. सांगायचं कुणाला, उशीला?” ती हसत म्हणाली आणि फरशीवरचं पाणी पुसायला लागली. मास्तरांना हसू आलं नाही. ते उठले आणि त्यांनी तिच्या हातातलं फडकं घेतलं.

घरचं टेबल उलटं मांडून आणखी तालीम झाली, आणि पुढच्या गुरुवारी ते दोन तास आधी कामावर गेले. बर्फाची बादली डावीकडून उजवीकडे आली, बाटल्यांची रांग उलटी लागली. आता लपवायला जागाच उरली नाही. मॅनेजर येऊन थबकला. “मास्तर, हे काय?”

“उजवा हात रिटायर झाला. मी नाही झालो. आधी पिऊन बघा, मग मला कुठं बसवायचं ते ठरवा.”

मॅनेजर काउंटरला टेकून उभा राहिला. सहाला दाताचे डॉक्टर आले. मास्तरांनी दोघांसाठी एकदमच केलं, सगळ्यांदेखत, डाव्या हातानं. जुन्या ऐटीत खांद्यावरून नाही, तर कमरेशी, आडवं. बर्फ खडखडला, आवाज बसला, शेकर पांढरा झाला. बोटं चिकटली तेव्हा ते थांबले.

“खरं सांगा हं,” ग्लास पुढे करत ते म्हणाले.

“खरं सांगायचं तर मागचे तीन घसा जाळत होते,” डॉक्टर म्हणाले. “बोलायला जीभ रेटली नाही. तुम्ही माझ्याकडे दात दाखवायला येता तेव्हा मी कुठं सगळं खरं सांगतो?” मग त्यांनी एक घोट घेतला, दुसरा घेतला आणि मॅनेजरला दातांची निगा कशी राखावी ते सांगत बसले. दोन्ही ग्लास रिकामे झाले. मॅनेजर चादरींच्या खोलीबद्दल काही बोलला नाही. बाटल्यांची उलटी रांग आता अशीच राहू दे, एवढं मात्र म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मास्तर गजर लावून सातला उठले. एवढ्या सकाळी नवऱ्याला उठलेलं बघून बायको दचकली. “बरं नाही का वाटत?”

“उत्तम आहे. दोन्ही ग्लास रिकामे झाले. तुझ्यामुळे.” त्यांनी तिचा उजवा हात हातात घेऊन टेबलावर उताणा ठेवला. “कुठं दुखायचं, सांग.”

“आता कशाला? जुनी गोष्ट झाली.”

“तरी सांग.”

“इथं,” ती म्हणाली. आणि कुणी विचारायची ही पहिलीच वेळ होती म्हणून तिनं सावकाश आणखी दोन जागा दाखवल्या.