नेगीजींचा वीकेंड

उल्हास सरपोतदारच्या संसारात सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द होता वीकेंड. तो रुवैसच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. बायको नीलिमा दुबईत, अल कुसैसच्या एका इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवायची, आणि मुलगी अस्मी त्याच शाळेत. रुवैस अबूधाबीच्याही पार पुढे, पश्चिमेला, वाळू आणि समुद्राच्या मध्ये. रोज येणं-जाणं शक्यच नव्हतं. बुधवारी दुपारी शिफ्ट संपली की उल्हास यतीनच्या गाडीत बसायचा आणि काळोख पडल्यावर कुसैसच्या बिल्डिंगखाली उतरायचा. गुरुवार-शुक्रवार घरचे. शनिवारी सकाळी सातला पुन्हा हेल्मेट.

अस्मी तीन वर्षांची असताना कुणीतरी तिला विचारलं होतं, "बाबा काय करतात?" तिने सांगितलं होतं, "बाबा वीकेंड करतात." हा किस्सा यतीनने अख्ख्या रुवैसमध्ये पसरवला होता.

यतीन शेजारच्या युनिटवर मेकॅनिकल फोरमन होता. त्याच्या टवाळीचा दुसरा विषय म्हणजे उल्हासचा बर्फ. दर वर्षी एप्रिलमध्ये उल्हास सुट्टीतला एक तुकडा तोडून एकटाच हिमालयात जायचा. पाठीवर तंबू, स्लीपिंग बॅग, रॉकेलचा स्टोव्ह. फेब्रुवारीपासून तयारी सुरू. संध्याकाळी सॅकमध्ये पाण्याचे कॅन भरून तो कंपनीच्या कॅम्पमधल्या, कामगारांच्या चार मजली इमारतीचे जिने चढत-उतरत बसायचा. फिलिपिनो वॉचमनला आधी वाटलं, हा पाणी चोरतोय.

"उल्हासराव, लोक सुट्टीत सिंगापूरला जातात," यतीन म्हणायचा. "तुम्ही पदरचे दिरहम घालून फ्रीजरमध्ये जाऊन बसता. एकटे. त्यापेक्षा आमच्या मेसच्या कोल्ड रूममध्ये झोपा ना, फुकट."

उल्हास हसण्यावारी न्यायचा. खरं कारण त्याने फक्त नीलिमाला सांगितलं होतं. कॉम्प्रेसर हाउसची घरघर त्याच्या कानात बसली होती. इअर मफ घालूनही ती आत शिरायची आणि काम संपलं तरी निघायची नाही. कुसैसच्या घरात, गादीवर पडल्यावरसुद्धा ऐकू यायची. फक्त बर्फात, उंचावर, जिथे कुणीही नसेल तिथे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती बंद व्हायची. सोबत कुणी असलं की बोलणं आलं, आणि बोलणं आलं की आवाज आला.

नीलिमाला हे कळत होतं आणि आवडत नव्हतं. एप्रिलमध्ये शाळेचं नवीन वर्ष सुरू व्हायचं, त्यामुळे ती जाऊ शकत नव्हती. "तुझ्या प्लँटमध्ये टाकीत माणूस उतरला तर बाहेर दुसरा उभा करतात ना?" ती विचारायची. "मग तिथे तुझ्या टाकीच्या बाहेर कोण असतं?"

"खालच्या गावात सांगून जातो की."

"सांगून जातो म्हणे."

तरी ती जाऊ द्यायची. अट एकच: वीकेंडला फोन.

२००१ च्या एप्रिलमध्ये तो किन्नौरला गेला. गाडीरस्ता जिथे संपतो त्या गावात नेगीजींचं लाकडी गेस्टहाउस होतं, आणि त्याच्याच पडवीत गावातला एकुलता एक फोन बूथ. नेगीजी साठीचे, लष्करातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. सोमवारी सकाळी निघण्याआधी उल्हासने बूथमधून कुसैसला फोन केला. "वीकेंडला खाली येतो. आलो की फोन करतो."

"टोपी घाल," नीलिमा म्हणाली. मागून अस्मी ओरडली, "बाबा, ब्रिंग मी स्नो!"

मग त्याने सॅक पाठीवर घेतली आणि नेगीजींना बजावलं, "वीकेंड तक आ जाऊँगा. नहीं आया तो आदमी भेजना. पक्का."

"ठीक है साहब. वीकेंड."

दोघांनी हात मिळवले. व्यवहार पूर्ण झाला.

मंगळवारी तो देवदाराच्या रांगेच्या वर, एका पांढऱ्या कुरणावर पोहोचला. तंबू लावला. संध्याकाळी चहा पीत बसला असताना त्याच्या लक्षात आलं की कानातली घरघर थांबली आहे. त्याने श्वास रोखून पुन्हा ऐकलं. काही नाही. या एवढ्यासाठी तो वर्षभर जिने चढला होता.

बुधवारी हवा फिरली. दुपारपर्यंत समोरचा डोंगर दिसेनासा झाला. आता खाली सरकलेलं बरं, असं म्हणून त्याने घाईघाईने सॅक भरली आणि उताराला लागला. ताज्या बर्फाखाली जुना बर्फ काचेसारखा घट्ट झालेला होता. उजवा पाय गेला, तो दगडाच्या खोबणीत अडकला आणि शरीर तसंच पुढे गेलं. घोट्यातून आलेला आवाज त्या शांततेत फार स्पष्ट ऐकू आला.

रांगत रांगत त्याने एका मोठ्या खडकाच्या आडोशाला तंबू पुन्हा उभा केला. त्या वेळी तो घाबरलेला नव्हता. रिफायनरीत वर्षानुवर्षं शिकवलेलं त्याला तोंडपाठ होतं. अलार्म झाला की ठरलेल्या जागी जायचं, तिथून हलायचं नाही, डोकी मोजणारा मोजतो, एक कमी भरलं की शोधायला माणसं येतात. गुरुवारी संध्याकाळी नेगीजी वाट पाहतील. शुक्रवारी माणसं येतील. तोपर्यंत फक्त गरम राहायचं.

गुरुवारी स्टोव्ह अडला. जेटमध्ये काजळी. बोटाएवढ्या पितळी जेटच्या केसाएवढ्या भोकात पिन घालायची होती. असली कामं त्याने आयुष्यभर केली होती, आणि नेहमी उघड्या हातांनी. हातमोजे घालून बारीक स्क्रू कळत नाही, असं म्हणून त्याने सेफ्टी ऑफिसरकडून किती तरी वेळा बोलणी खाल्ली होती. त्याने सवयीने उजवा हातमोजा दातांनी ओढून काढला, टाकीचं बूच सैल केलं, आणि आतल्या दाबाने रॉकेल फसकन बोटांवर आलं. ते गोठत नाही. उणे तापमानातलं रॉकेल उणेच राहतं आणि कातडीवर पसरतं. हे त्याला ठाऊक होतं. हात पुसून त्याने जेट मात्र पूर्ण साफ केला. स्टोव्ह पेटला तेव्हा पहिली चार बोटं मेणासारखी पांढरी झाली होती आणि आगीजवळ धरली तरी काही जाणवत नव्हतं.

त्याने हात काखेत घातला आणि रात्र तशीच काढली. शुक्रवारी सकाळी बोटांत जाळ सुरू झाला. फोड आले. वेदनेने त्याला रडू फुटलं, पण ते चांगलं लक्षण होतं. बोटं जिवंत होती. माणसं आज येणार होती.

तो ऐकत राहिला. दुपार झाली. कुसैसच्या मशिदीत आता जुम्म्याची गर्दी झाली असेल, गल्लीभर डबल पार्किंग, नीलिमाने भाताला कुकर लावला असेल. इथे वाऱ्याशिवाय काही नव्हतं. जो सन्नाटा ऐकायला तो आला होता, तो आता त्याला नकोसा झाला. संध्याकाळी रॉकेल संपलं. नेगीजींचा त्याला संताप आला. फौजी माणूस, हात मिळवून शब्द दिला, आणि विसरला.

शनिवारी उजाडलं. तंबूच्या कापडाकडे बघत तो मनाशी म्हणाला, आज शनिवार. यतीन सात वाजता गेटवर पोहोचला असेल. आठवडा सुरू झाला.

आणि तिथे तो थांबला.

कुणाचा आठवडा?

दहा वर्षांत त्याचा आठवडा शनिवारी सुरू होऊन बुधवारी संपत होता. इतकी वर्षं की दुसरं काही असतं हेच डोक्यातून गेलं होतं. वीकेंड म्हणजे गुरुवार-शुक्रवार, पाणी म्हणजे पाणी म्हणावं तसं. पण नेगीजी भारतात राहत होते. त्यांचा वीकेंड आज कुठे सुरू होत होता. उद्या रविवार, तोही वीकेंडच. रविवार मावळेपर्यंत ते निवांत वाट पाहतील आणि सोमवारी माणसं काढतील. नेगीजी काही विसरले नव्हते. नुसतं वाराचं नाव सांगितलं असतं तर पुरलं असतं.

सोमवारपर्यंत आपण टिकत नाही, हा हिशेब त्याने चटकन मांडला. रॉकेल नाही, म्हणजे वितळवलेलं पाणी नाही. पाय काळानिळा. येणारं कुणी नाही. त्याने स्लीपिंग बॅग सोडली, घोटा तंबूच्या काठ्यांनी बांधला आणि बसून, सरकत, कोपरांवर रांगत उतरायला लागला. उजव्या हाताला फोडांमुळे हातमोजा चढत नव्हता. त्याने हाताला मफलर गुंडाळला. थोड्याच वेळात मफलर भिजला, मग कडक झाला. तरी तोच हात बर्फात रोवून त्याला पुढे सरकावं लागत होतं. हळूहळू बोटांतला जाळ शांत झाला. त्याला बरं वाटलं.

देवदाराची पहिली झाडं दिसायला लागली तेव्हा खालून शीळ ऐकू आली. दोन माणसं वर येत होती, त्यांच्या मागे काठी टेकत नेगीजी.

"मॅडम का फोन आया," नेगीजी त्याच्यावर घोंगडी टाकत म्हणाले. "तीन दिन से लाइन बंद थी, आज सुबह ठीक हुई. घंटी पे घंटी. मैंने बोला, मॅडम, साहब वीकेंड तक बोल के गए हैं, अभी तो शनिचर है. वो बोलीं, हमारा वीकेंड खलास हो गया, आप अभी निकलो." ते जरा थांबले. "आप टेंट में रहते तो अच्छा था. हम वहीं आ रहे थे."

चंदीगडच्या डॉक्टरने हात पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "हे एकदा गरम झालं होतं?" उल्हासने मान हलवली. गरम झालेली बोटं पुन्हा गोठली की मग त्यांचं काही करता येत नाही, एवढंच डॉक्टर म्हणाला. तंबूतच राहिला असता तर कदाचित दोन वाचली असती. चारही बोटं मुळाशी काढली. करंगळी राहिली.

नीलिमा अस्मीला शेजाऱ्यांकडे ठेवून दुबईहून आली होती. पलंगाशी बसून तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं: सोमवार, रविवार, नेगीजींचा वीकेंड, रॉकेलचा हिशेब.

"आणि माझा?" तिने विचारलं.

"तुझा काय?"

"माझा वीकेंड गुरुवारीच होता ना, उल्हास. तू फोन करणार होतास. नाही आला फोन." तिचा आवाज चढला नाही. "गुरुवार संध्याकाळपासून मी त्या नंबरला फोन लावत होते. रात्र रात्र रीडायल दाबत बसले. शनिवारी सकाळी अस्मीला डबा देताना लावला, शाळेत स्टाफरूममधून लावला. तू तिथे बसून सगळ्यांची गणितं केलीस. नेगीजी कधी निघतील, कधी पोहोचतील. त्या गणितात मी कुठेच नव्हते. तुला खरंच वाटलं, मी सोमवारपर्यंत गप्प बसेन?"

तंबूत त्याला तिचा कुकर आठवला होता. ती फोनपाशी असेल हे आठवलं नव्हतं.

रुवैसला कंपनीच्या मेडिकलमध्ये डॉक्टरने त्याला शर्टाचं बटण लावायला सांगितलं. मग सुपरवायझरने त्याच्या पुढ्यात दाब मोजणारा एक जुना ट्रान्समीटर ठेवला, वाईटपणा नको म्हणून हसत. डाव्या हातातला स्क्रू तीनदा खाली पडला. चौथ्यांदा सुपरवायझरनेच वाकून तो उचलला आणि खिशात टाकला. नोकरी जायला, कंपनीचा व्हिसा कॅन्सल व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ लागला. आता तो नीलिमाच्या व्हिसावर राहणार होता.

शेवटच्या बुधवारी यतीनच्या गाडीत उल्हासचं कॅम्पमधलं सगळं सामान मावलं. डिकीत सॅकही होती. यतीनने ती बाकीच्या सामानाखाली सरकवली. कुसैसला उतरताना यतीन सवयीने म्हणाला, "यल्ला, चला, शनिवारी पहाटे—" आणि तोंडातला शब्द गिळून टाकला.

अस्मीने दार उघडलं. सामान बघून ती बाजूला झाली.

"बाबा, आर यू हिअर फॉर द वीकेंड?"

उल्हासने डाव्या हाताने बॅग आत ओढली. कानात घरघर चालू होती. चंदीगडला ती परत आली होती, ती पुन्हा गेलीच नव्हती.

"नाही," स्वयंपाकघरातून नीलिमा म्हणाली. "बाबा आता घरीच."

अस्मीने आईकडे पाहिलं, मग बाबांच्या खिशात घातलेल्या हाताकडे. "बट व्हाय?" असं तिने विचारलं. उल्हासने तो हात खिशातून बाहेर काढला.