मथुराकाकूंची उपाशी टाकी

सांडोरला आमच्या खिडकीपलीकडे मथुराकाकूंची केळीची वाडी. त्यांच्या चुलीत झावळ्या पेटल्या की धूर थेट आमच्या खोलीत यायचा आणि माझ्या आठ वर्षांच्या इनेझला दम लागायचा. चौऱ्याऐंशी साली गोबरगॅसच्या टाकीला सरकारी अनुदान मिळतं असं कळलं, तेव्हा काकूंचा अर्ज मीच भरला.

"शेणाला सरकार पैसे देतं? बाई, यात काहीतरी काळंबेरं आहे."

काकू विधवा, एकटीने वाडी राखलेल्या. सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घ्यायला आलेल्या व्यापाऱ्याचा काटा आधी रिकामा डोलवून बघायच्या. थॉमस गवंड्याने टाकी बांधली तेव्हाही त्या दिवसभर समोर स्टूल टाकून बसल्या.

शेगडीची ज्योत पाहूनच अनुदान खात्याचे साहेब सही करणार होते. ते आले, तर शेगडी नुसती फुसफुसली.

"मार्चअखेर पुन्हा येतो. तेव्हाही पेटली नाही, तर अनुदान रद्द."

"तुमच्या थॉमसने सिमेंट खाल्लं!" काकू माझ्यावरच उखडल्या.

"काकू, तुम्ही माझ्या डोक्यावर बसला होतात. खाल्लं कधी?" थॉमस म्हणाला.

खरं सांगायचं तर संशय मलाही आला होता. त्याला नळीच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावायला लावलं. एकही बुडबुडा आला नाही, म्हणजे गळती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून दिसलं. काकूंनी गोठ्यातल्या शेणाची एक पाटी टाकीत ओतली आणि उरलेल्या तीन पाट्या केळींच्या बुंध्याशी नेल्या.

"काकू, टाकी उपाशी ठेवलीत?"

"मग केळी उपाशी ठेवू? शेणाचा कस आग खाणार आणि चोथा माझ्या झाडांना?"

"टाकीतून बाहेर येते ती रबडी दोन झाडांना घालून बघा. नाही मानवली तर सोडा."

त्यांनी मुद्दाम सगळ्यात मरतुकडी दोन निवडली. तीन आठवड्यांनी तिथे नवं पान सुटलं. काकूंनी ते वितीने मोजलं, दोनदा मोजलं. आणि दुसऱ्या दिवसापासून चारही पाट्या टाकीत पडू लागल्या.

मार्चअखेर साहेबांसमोर निळी ज्योत पेटली. सही झाली.

चूल मात्र काकूंनी मोडली नाही. तिच्याशेजारी झावळ्या रचूनच ठेवल्या. "सरकारचा काय भरवसा?"

त्या संध्याकाळी इनेझ उघड्या खिडकीशी अभ्यासाला बसली, एकदाही खोकली नाही. मी तिच्यामागे उभी राहून हवा हुंगत होते. धूर नव्हता. पण काकूंसारखाच मलाही संशय: गॅसचा वास तर येत नाही ना?